कबुली आधी

कबुली आधी. 'रिकामी बाकं' या जर्मन कादंबरीचा मी केलेला अनुवाद चार वर्षांपूर्वी पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याला माझीच प्रस्तावना आहे. त्या प्रस्तावनेत कादंबरीच्या रचनेबद्दल जो शोध माझा म्हणून मांडला आहे, तो माझा नाही. तो शांतवन भास्कर साळवे यांचा आहे. साळवे सर नगरच्या एका मिशन शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना जर्मनचा एक शब्दही येत नव्हता.

आता बाकीचं सांगतो. संपादकांनी मला अनुवादाच्या व्यवसायातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. दिवाळी अंक वाचणारा माणूस शेजारी चिवड्याची बशी ठेवून बसतो, हे मला माहीत आहे. गमती येतीलच, कारण साळवे सर गमतीदार होते.

माझं आयुष्य यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये गेलं. पुण्याजवळच्या एका कारखान्यात जर्मनीहून मोठमोठे प्रेस यायचे, आणि त्यांच्याबरोबर विटेएवढी जाड पुस्तिका. ती मराठीत आणायची, म्हणजे आपल्या माणसांचे हात शाबूत राहतील, हे माझं काम. एकतीस वर्षं केलं. पुस्तिकेवर कारखान्याचं नाव असतं, यंत्राचा क्रमांक असतो, छापखान्याचंसुद्धा नाव असतं. अनुवादकाचं नसतं. एकदा एका कामगाराने मला विचारलं होतं, "साहेब, हे पुस्तक जर्मन लोकांनीच मराठीत लिहिलंय का?" मी हो म्हटलं. बिननावाचं काम करणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. म्हणूनच माझ्या अपराधाला अज्ञानाची सबब नाही.

बायको गेल्यावर मुलीने, मेधाने, मला सिंगापूरला आणलं. टॅम्पिनीसमध्ये अकराव्या मजल्यावर तिचा फ्लॅट आहे. मुलगी-जावई ऑफिसला, नात रेवा शाळेत. दिवसभर मी आणि पंखा. पुस्तिका सुटल्या होत्या, तेव्हा म्हटलं, आता एक कादंबरी करू. एका जुन्या जर्मन सहकाऱ्याने निवृत्तीच्या वेळी भेट दिलेलं एक पुस्तक ट्रंकेत होतं. लेखक पूर्व जर्मनीतल्या एका पाळकाचा मुलगा, तिकडेही फारसा कुणाला माहीत नसलेला. पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू. प्रोटेस्टंटांमध्ये त्याला बायकामुलं असतात, आणि ही साधी गोष्ट जर्मन साहित्याच्या दृष्टीने फार मोठी आहे. ते कसं, ते पुढे येईल.

कादंबरीचा नायकही पाळकाचाच मुलगा. वडील वारले म्हणून वीस वर्षांनी गावी येतो. तरुणपणी त्याने बापाच्या प्रवचनांची माहिती पोलिसांना पुरवलेली असते. तीन दिवस गावात राहतो आणि निघून जातो. बस्स. देवाचं नाव पुस्तकात एकदाही येत नाही. मी वर्षभर त्यावर बसलो आणि मनातून लेखकाला नावं ठेवत राहिलो. पाचच प्रकरणं, तीही एकमेकांना धड न जोडलेली. नायकाचं गुपित दुसऱ्याच प्रकरणात फुटतं, तेही एका बहिऱ्या घंटा वाजवणाऱ्याजवळ. चौथ्या प्रकरणात गावचा खानावळवाला वीस पानं बटाट्यांबद्दल बोलतो. मी ती चार पानांवर आणली होती आणि लेखकावर उपकार केल्याच्या थाटात होतो.

साळवे सर भेटले ते मुलांच्या मराठी वर्गात. सेरंगूनच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आपली मंडळी मुलांना मराठी शिकवतात. मी रेवाला घेऊन जायचो, ते नातवाला. पालकांनी हौसेने केलेला एक तक्ता भिंतीवर होता. एक उंच, सावळे, पांढरा शर्ट खोचलेले गृहस्थ पेन्सिलीने त्यातल्या चुका दुरुस्त करत होते. सगळं झाल्यावर तक्त्याच्या कोपऱ्यात त्यांनी 'तपासले' लिहिलं आणि खाली सही केली.

रेवा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, दॅट अंकल सो स्ट्रिक्ट लाह."

"मी शिकवतो का तुला?" त्यांनी मागे न वळता विचारलं. "नाही ना? मग घाबरायचं काय कारण?"

बोलता बोलता कळलं, की त्यांचे वडील नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधून फिरलेले पाळक. ते स्वतः पाळक नव्हते. शाळा सुटल्यावर चर्चमध्ये वाचक म्हणून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे, तेवढंच. मी त्यांना सहज म्हणालो, की माझ्या कादंबरीत एक पाळक आहे, अंत्यविधीचे दोनचार शब्द हवे आहेत, द्याल का? खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून तेवढेच हवे होते. यंत्राला सुटा भाग मागवावा तसे. चर्चमधलं मराठी म्हणजे साहेबाने शिकवलेलं मराठी, अशी माझी समजूत होती. लहानपणी घरात ख्रिस्ती झालेल्या लोकांबद्दल वापरला जाणारा शब्द मी इथे लिहीत नाही. पण तो माझ्या कानात होता.

त्यांनी अट घातली, "शब्द असे सुटे मिळणार नाहीत. गोष्ट ऐकवा."

तेव्हापासून मंगळवार ठरला. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या दुकानांच्या मंडईत, एका तमिळ मुसलमान माणसाच्या दुकानात तेह हालिया मिळतो, आल्याचा चहा, आपल्या चवीच्या अगदी जवळचा. सर सेरंगूनहून दोन गाड्या बदलून माझ्याआधी यायचे आणि टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायचे. इथे त्या पाकिटाला सगळे मान देतात. सरांना त्याचं फार कौतुक. म्हणायचे, "करमरकर, नगरला एस.टी.त लोक रुमाल टाकतात, तर दुसरा त्या रुमालावरच बसतो."

दुकानदाराला आमची सवय झाली होती. लांबूनच विचारायचा, "अंकल, टू तेह हालिया, वन नो शुगर, कॅन?" बिनसाखरेचा माझा.

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी मी त्यांना पूर्ण कादंबरी तोंडी सांगितली, लेखकाबद्दलच्या तक्रारींसह. ते टिश्यूचं पाकीट बोटांनी उलटसुलट करत ऐकत होते. मग प्रश्न सुरू झाले.

"सुरुवातीला घंटा वाजते म्हणालात."

"हो. पहिलं प्रकरण सगळं त्या घंटेवरच आहे. तो झोपेतून उठतो, गावातले लोक दारं उघडतात."

"मग तो बहिऱ्याला सगळं सांगतो. त्यानंतर लगेच काय होतं?"

"काही नाही. दीड पान तो बहिरा चूल पेटवतो. कुणी बोलत नाही. मी ते गाळायच्या विचारात आहे."

"गाळू नका. तिसऱ्यात?"

"बापाची जुनी पत्रं सापडतात. ती वाचतो."

"चौथ्यात बटाटे. आणि पाचव्यात?"

"शवपेटीच्या खर्चासाठी गावात टोपी फिरवतात. मग नायक चर्चच्या दाराशी येऊन उभा राहतो. तिथे संपतं. शेवट असा नाहीच."

सरांनी टिश्यूचं पाकीट खाली ठेवलं. मग त्यांनी एकेक बोट मिटत मोजलं. "आवाहन. कबुली, आणि कबुलीनंतरचं मौन. शास्त्रवाचन. उपदेश. दान. ही उपासना आहे, करमरकर. रविवारची. लहानपणापासून दर आठवड्याला मी या क्रमाने बसलो-उठलो आहे. तुमच्या लेखकाने देवाचं नाव गाळलं, पण बसायची-उठायची सवय त्याला गाळता आली नाही."

मी म्हटलं, "पण गुपित दुसऱ्याच प्रकरणात फोडून टाकतो. कुठलाही लेखक ते शेवटाला ठेवेल."

"आमच्यात कबुली आधी. पोटात आहे ते आधी बाहेर काढायचं. त्याशिवाय पुढचं काही ऐकू येत नाही."

"आणि वीस पानं बटाटे?"

"उपदेश कंटाळवाणाच असतो. माझे वडील पन्नास मिनिटं बोलायचे. बाया पेंगायच्या, पोरं बाक कुरतडायची. पण उठून कुणी जात नव्हतं. तुम्ही लोकांना मधेच बाहेर काढलंत. ते बटाटे परत आणा."

मग त्यांनी चहाचा घोट घेतला. मी विचारलं, "आणि शेवट का नाही?"

"शेवटी पाळक हात वर करून आशीर्वाद देतात. तो मिळाल्याशिवाय माणसं घरी जात नाहीत. इथे पाळक तर पेटीत आहे. हात कोण वर करणार?"

त्या हॉकर सेंटरमध्ये दुपारी दोनला एवढा गोंधळ असतो, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मला त्या वेळी फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता. वर्षभर ज्या पुस्तकाच्या दाराबाहेर मी बसलो होतो, ते त्यांनी एका चहात उघडलं.

आता थोडं समजावून सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका मठातून बाहेर पडलेल्या माणसाने शास्त्र लोकांच्या बोलीत आणलं. मूर्ती गेल्या, मध्यस्थ गेले, राहिला शब्द. तो घराघरांत जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला जाऊ लागला, आणि पाळकाच्या घरी सर्वांत जास्त. त्या घरात पुस्तकं असतात, लिहायचं टेबल असतं, आणि शनिवारी बाप खोलीत कोंडून घेऊन उद्याचं प्रवचन लिहीत असतो, म्हणून मुलांना आवाज करायची बंदी असते. अशा घरातली मुलं मोठी होऊन श्रद्धा सोडतात, पण टेबल सोडत नाहीत. जर्मन लेखकांमध्ये पाळकांची मुलं एवढी का, याचं उत्तर हे आहे. आपल्याकडे आजोबांच्या मांडीवर हरिपाठ ऐकलेला नातू नास्तिक झाला, तरी त्याच्या लिहिण्यात तो ठेका राहतो, तसंच हे. यंत्रांच्या पुस्तिकांमध्येही मला तो सूर भेटला होता, पण ओळखता आला नव्हता. जर्मन पुस्तिका कधी यंत्रापासून सुरू होत नाही. वापरणारा माणूस कुठे कुठे चुकणार, याची यादी आधी, यंत्र मग. सरांना हे सांगितल्यावर ते एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

त्या दिवसापासून दोन वर्षं आम्ही पुस्तक पुन्हा पहिल्यापासून केलं. मी जर्मन वाक्याचा सरळ अर्थ सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. अचानक म्हणायचे, "थांबा. हे दफनाच्या वेळचं आहे." किंवा, "हे पोरांना चर्चचं सभासद करून घेताना विचारतात." मग मराठी चर्चमध्ये त्या जागी जे म्हणतात, त्याचा सूर मला द्यायचे. एकदा मी म्हटलं, हे मराठी जरा जुनाट वाटतं.

"करमरकर, आमच्याकडे आख्खं गाव हे मराठी दर रविवारी एका आवाजात म्हणतं. तुमचं प्रमाण मराठी एका आवाजात कोण म्हणतं, ते सांगा."

प्रत्येक मंगळवारी झालेली पानं ते घरी न्यायचे आणि पुढच्या मंगळवारी परत आणायचे. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, आणि शेवटच्या पानाखाली 'तपासले, शां. भा. सा.' शाळेतली सवय. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर नंतर ती सही असल्याशिवाय पान पुरं झालंय असं मला वाटेना.

एका मंगळवारी मी विचारलं, की देव मानत नाही म्हणणारा हा नायक एवढा तळमळतो कशाला? सर म्हणाले, "देव गेला म्हणून अपराध जात नाही. तुमच्यात प्रायश्चित्त आहे, काही करून फेडता येतं. आमच्यात फेडता येत नाही. क्षमा मिळते ती कृपेने, न कमावता. आणि देणाराच नाही म्हटल्यावर माणसानं काय करायचं? लिहीत बसायचं." मग म्हणाले, "हे काही शास्त्रात नाही हो. माझं मत आहे."

त्यांचं हे मत माझ्या प्रस्तावनेतलं सर्वांत वाखाणलं गेलेलं वाक्य आहे. परीक्षणांमध्ये ते माझ्या नावाने आलं आहे.

प्रस्तावनेचा पहिला खर्डा मी नऊ पानांचा केला होता. त्यातली दोन पानं साळवे सरांबद्दल होती. बेडोक, मंगळवार, बोटं मिटत मोजलेला क्रम, सगळं. प्रकाशकांचा निरोप आला, प्रस्तावना दोन पानांनी कमी करा. कोणती दोन पानं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं.

मेधाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी ती पानं काढली आणि उरलेला मजकूर घाईघाईने जोडला. "मला असे आढळले" हे तीन शब्द घातले की सगळं नीट जुळत होतं. मी स्वतःला समजावलं, की पुस्तकाच्या शेवटी आभार मानू. आभारांच्या यादीत मेधा आहे, टंकलेखक आहे, आणि 'सिंगापूरमधील स्नेही' आहेत. एकतीस वर्षं ज्याचं नाव कुठे छापलं नाही, त्याला पहिल्यांदा छापलेलं नाव पाहायला मिळणार होतं, आणि त्याला शेजारी दुसरं नाव नको होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

पुस्तक आलं, तेव्हा पहिली प्रत मी सरांना दिली. त्यांनी ती टिश्यूच्या पाकिटाशेजारी ठेवली, कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "घरी नीट वाचतो." पुढच्या मंगळवारी म्हणाले, "बटाटे चांगले उतरलेत." प्रस्तावनेबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आम्ही दुसरं पुस्तक हातात घेतलं.

मग दोन वर्षांनी जर्मनीतल्या त्या धर्मसुधारणेला पाचशे वर्षं झाल्याचं वर्ष आलं. इथल्या आपल्या वाचकमंडळाने एका वाचनालयात माझं भाषण ठेवलं. काही जर्मन मंडळीही आली. सर तिसऱ्या रांगेत, मांडीवर माझ्यासाठी आणलेला चहाचा थर्मास. भाषणानंतर एक वृद्ध जर्मन बाई उठल्या. त्या स्वतः पाळकाच्या कन्या होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "माझ्या देशातल्या किती वाचकांना या पुस्तकातली उपासना दिसली नाही. पुण्याच्या एका हिंदू माणसाला ती कशी दिसली?"

माझ्यापासून साळवे सर दहा पावलांवर होते. नुसतं बोट दाखवायचं होतं.

मी म्हणालो, "हळू वाचावं लागतं."

टाळ्या झाल्या. सरांनीही वाजवल्या, थर्मास काखेत धरून. परतताना पाया लेबार स्टेशनापर्यंत आम्ही एकाच गाडीत होतो. तिथे त्यांना उतरून दुसरी गाडी धरायची होती. दार उघडायच्या आधी ते म्हणाले, "हळू वाचावं लागतं, हे खरं बोललात." आणि उतरले. ते टोमणा मारत होते की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मंगळवार चालूच राहिले. त्यांच्या खुणा, सही, काहीही बदललं नाही. मग वर्षभराने त्यांच्या मुलाचा, विनयचा, इथल्या नोकरीचा पास पुढे वाढवून मिळाला नाही, आणि पंधरा दिवसांत कुटुंब परत जायला निघालं. चांगी विमानतळावर मी निरोप द्यायला गेलो. वाटेत कबुलीचं सगळं वाक्य मनात जुळवलं होतं. प्रत्यक्षात आम्ही सामानाच्या वजनाबद्दल बोललो. सर म्हणाले, "करमरकर, दुसऱ्या पुस्तकाची उरलेली पानं पोस्टाने पाठवा. तपासून धाडतो." मी तीन वेळा पाठवली. तिन्ही वेळा सही होऊन परत आली. चौथ्यांदा पाठवायच्या आधी, या मार्चमध्ये, विनयचा फोन आला.

तेव्हापासून दुसरं पुस्तक जिथल्या तिथे आहे. मी वाक्य लिहितो आणि ते बरोबर आहे का, हे मला कळत नाही. रेवा म्हणते, "आजोबा, जस्ट सबमिट लाह." कुणाकडे सबमिट करू?

गणपतीच्या सुमारास प्रकाशकांनी कळवलं, की दुसरी आवृत्ती काढायची आहे. मी विनयला फोन केला आणि जे त्याच्या वडिलांना सांगायचं राहिलं, ते त्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "काका, पपांनी त्यांची सगळी पुस्तकं चर्चच्या वाचनालयाला दिली. तुमचं तेवढं ठेवलं होतं. थांबा, बघतो."

दहा मिनिटांनी फोनवर दोन फोटो आले. पहिला प्रस्तावनेच्या तिसऱ्या पानाचा. तिथे मी उपासनेचा क्रम दिला आहे: आवाहन, वाचन, कबुली, उपदेश, दान. दोन पानं कापून मजकूर जोडताना क्रम विस्कटला होता. चार वर्षांत तो कुणाला दिसला नाही. दोन परीक्षणांमध्ये तो तसाच उतरवलेला आहे. सरांनी 'कबुली' भोवती पेन्सिलीने गोल केला होता, आणि बाण काढून तो शब्द वाचनाच्या अलीकडे नेला होता. समासात दोन शब्द होते: कबुली आधी.

बाकी पानावर काही नव्हतं. "मला असे आढळले" या शब्दांखाली साधी रेघसुद्धा नव्हती.

दुसरा फोटो प्रस्तावनेच्या शेवटच्या पानाचा. खाली माझं नाव छापलेलं आहे. त्याच्या खालच्या कोऱ्या जागेत, त्या ओळखीच्या बारीक अक्षरात: तपासले, शां. भा. सा.

प्रस्तावना बदलू नका, असं मी प्रकाशकांना लिहिलं आहे. विनयकडून सरांनी खुणा केलेली ती दोन पानं मागवून घ्या आणि आहेत तशी छापा, बाणासकट, सहीसकट, आणि त्यांच्या आधी हा लेख. प्रकाशकांचं उत्तर अजून आलेलं नाही. दर मंगळवारी मी बेडोकला जाऊन वाट बघतो.